जुना ऑटोपायलट आणि जुनी नेव्हिगेशन यंत्रे: होडीवरच्या कामाच्या नोंदी

18 ऑगस्ट 2024

होडी 26 फुटी, फायबरची. एक डोलकाठी, दोन शिडे, आणि सुकाणू चाकाने नाही तर दांड्याने फिरते. सामानासकट वजन अडीच टनांच्या आसपास. पावसाळ्यामुळे सध्या रेवदंड्याला खाडीकाठी वर काढून ठेवली आहे. मालक आम्ही दोघे मित्र, आणि होडीवर बहुतेक वेळा दोघेच असतो. एक जण दांडा धरून बसला की शिडे, नांगर, नकाशा, चहा, सगळे दुसऱ्याच्या गळ्यात. जयगडपर्यंत जायचे मनात आहे, आणि तेवढ्या पल्ल्याला दांडा धरायला आणखी एक हात हवाच.

नवा टिलर पायलट, म्हणजे सुकाण्याच्या दांड्याला ढकलणारा-ओढणारा नळकांड्यासारखा ऑटोपायलट, जकात धरून लाखाच्या घरात जातो. म्हणून सगळे वापरलेले घ्यायचे ठरवले आहे: ऑटोपायलट, त्याला माहिती पुरवू शकेल असा जीपीएस, आणि पाण्याची खोली दाखवणारे यंत्र. रडार नको. खर्च आणि वाया गेलेला वेळ धरून लिहितोय, म्हणजे हेच काम काढणाऱ्याला हिशेब करता येईल.

24 ऑगस्ट

मुंबईत रे रोडला उतरून दारूखान्यात. मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान इथे अजून मिळते. नेव्हिगेशनचा बराच माल अलंगला तुटलेल्या जहाजांवरचा, भावनगरच्या व्यापाऱ्यांकडून आलेला असतो.

पहिली गोष्ट जी डोळ्यांत भरली ती म्हणजे केबल. जहाज तोडताना कोणी स्क्रू सोडवत बसत नाही. कटरने वायर तोडतात आणि पेटी बाजूला फेकतात. फळीवर ओळीने जीपीएस, नॅव्हटेक्स (हवामानाचे इशारे पकडणारे रेडिओ), इको साउंडर (खोलीमापक) मांडलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे बोटभर लांबीची तुटकी शेंडी. काहींना तीही नाही, नुसते पिनांचे भोक. हे प्लग प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि सुटा प्लग शोधायला गेलात तर पेटीपेक्षा महाग पडतो. तिथेच नियम केला: ज्याला स्वतःचा प्लग आणि निदान वीतभर वायर आहे तेच हातात घ्यायचे.

मोठ्या जहाजाचा ऑटोपायलट तर बघूही नका. कपाटाएवढे कन्सोल, आत दिशा येते ती जायरो होकायंत्राकडून, आणि बाहेर जाणारा हुकूम असतो सुकाण्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी. लाकडी दांडा ढकलायला त्यातले काहीही कामी येत नाही. जीपीएसचे तसे नाही. फुरुनो कंपनीचे जीपी-32, जीपी-80 यांसारखे लहान संच 12 ते 24 व्होल्ट डीसीवर चालतात, त्यामुळे जहाजावरून उतरलेला तसा संच लहान होडीवर सरळ बसतो. पाठीमागची पट्टी वाचून व्होल्टेज पाहायचे. नुसते 24 लिहिले असेल तर खाली ठेवायचे.

एका दुकानात क्लास-ए एआयएसचा, म्हणजे जहाजाचे नाव आणि जागा रेडिओवर आपोआप कळवत राहणारा मोठ्या जहाजांवरचा संच स्वस्तात मिळत होता. दुकानदाराने सप्लाय लावून चालू केला. पडद्यावर एका मालवाहू जहाजाचे नाव, लांबी 180 मीटरच्या पुढे, आणि 352 ने सुरू होणारा एमएमएसआय, म्हणजे जहाजाचा रेडिओवरचा ओळख क्रमांक; 352 म्हणजे पनामाचा झेंडा. ते जहाज कधीच तुटून भंगारात गेले. हा संच मात्र अँटेना लावताच स्वतःला तेच जहाज म्हणवून घेणार. भारतीय क्रमांक 419 ने सुरू होतो, तो परवान्यासोबत मिळतो, आणि जुन्या संचातला क्रमांक पासवर्डशिवाय बदलता येत नाही. रेडिओ लहरी सोडणारे कुठलेही यंत्र, एआयएस असो की बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ, परवान्याचा विचार केल्याशिवाय घेऊ नका. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर तर परवानगीशिवाय जवळ बाळगणेही गुन्हा आहे. ते बाहेरून कोणाला आणायला सांगू नका.

शेवटी एक जपानी जीपीएस घेतला, मशरूमसारख्या अँटेनासकट, 7,500 रुपयांना. विक्रेत्याला तो एका ऑटोपायलटच्या कंट्रोल हेडबरोबर जोडीनेच काढायचा होता, म्हणून त्या हेडचे 3,500 वेगळे मोजावे लागले. हेड म्हणजे फक्त बटणे आणि पडदा. ऑटोपायलटचा मेंदू वेगळ्या पेटीत असतो, आणि ती पेटी नसेल तर हेड निरुपयोगी. ते 3,500 आजच बुडीत खात्यात टाकले.

दुकानदार पैसे घेताना म्हणाला, "दुकान से उतरा तो मेरी जिम्मेदारी नहीं." त्यामुळे जे तपासायचे ते त्याच्याच टेबलावर: पडदा सगळीकडे सारखा उजळतो का, प्रत्येक बटण दबते का, अँटेनाच्या सॉकेटमध्ये मधल्या पिनेला मल्टीमीटरवर 5 व्होल्ट येतात का. या जातीच्या अँटेनात अँप्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच केबलमधून जाते. ते व्होल्टेज नसेल तर संच कितीही चकचकीत असला तरी त्याला उपग्रह सापडणार नाहीत.

25 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा होऊन गेली, सगळ्या बोटी दर्यात. मोसमाच्या तोंडावर बरेच नाखवे यंत्रे बदलतात, त्यामुळे खोलीमापक घ्यायला हे दिवस चांगले. रेवदंड्याच्याच एका नाखव्याने मोठा रंगीत फिशफाइंडर बसवला होता आणि जुना काढून ठेवला होता. "दोन वर्सां दर्यान व्हता, कवा बंद नाय परला," म्हणाला. 6,000 ला ठरला.

पैसे देण्याआधी जेट्टीवर बॅटरी लावून पाहिला. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा भाग, कानाजवळ धरला की बारीक टकटक ऐकू येते; ती नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग तो काठीला बांधून पाण्यात सोडला. पडद्यावर 3.2 मीटर, वजन बांधलेल्या दोरीने 3.4. खालचा चिखल मऊ आहे, वजन त्यात रुतते, म्हणून एवढा फरक राहणारच. नाखव्याने ट्रान्सड्यूसर, ब्रॅकेट, केबल आणि जादा फ्यूजसुद्धा पिशवीत घालून दिले. दारूखान्यात जे दिवसभर हिंडून जमले नाही ते इथे एका पिशवीत मिळाले. यंत्र ज्याने स्वतः वापरले त्याच्याकडून घ्या.

8 सप्टेंबर

टिलर पायलट आपल्याकडे जुन्या बाजारात जवळजवळ मिळतच नाही, कारण दांड्याच्या शिडाच्या होड्याच थोड्या. इंग्लंडमध्ये ढिगाने मिळतात. मावसभाऊ साउदॅम्प्टनजवळ राहतो. तिथे एका निवृत्त गृहस्थाने आपल्या होडीवरचा पायलट विकायला काढला होता, प्लगसकट, 180 पौंडांना. भाऊ बघायला गेला तेव्हा इथे गणपतीची आरती आटोपून मी व्हिडिओ कॉलवर.

"आधी उलटा करून हलव. आत काही खळखळतंय?"

"नाही रे. पण दांडीवर एक ओरखडा आहे, नखाला लागतो."

"कुठे? आत जाते त्या भागावर की टोकाला?"

टोकाला होता, म्हणून घ्यायला हरकत नव्हती. आत-बाहेर होणाऱ्या भागावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक फेरीला सील कापतो आणि तिथूनच खारे पाणी आत शिरते. या यंत्रांचा जीव त्या एका सीलवर असतो.

मग 12 व्होल्ट लावून दांडी पूर्ण बाहेर, पूर्ण आत. एका बाजूला आवाज सरळ, दुसऱ्या बाजूला किंचित अडखळत. तळहाताने रोखून धरल्यावर मोटर दबली पण पट्टा घसरला नाही. शेवटी पायलट हातात धरून भाऊ सावकाश गोल फिरला आणि पडद्यावरचे अंश मोठ्याने वाचत गेला. आकडे न उडता चढत गेले, म्हणजे आतले फ्लक्सगेट (इलेक्ट्रॉनिक) होकायंत्र जिवंत. अडखळणाऱ्या आवाजावर तोडगा काढता येईल असे वाटले. होकायंत्र गेले असते तर काहीच करता आले नसते.

14 सप्टेंबर

जीपीएस गच्चीवर नेला. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे जुनी सगळी माहिती पुसलेली. अशा वेळी संच आकाशात आंधळेपणाने शोधत राहतो. उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक एकदा उतरायलाच साडेबारा मिनिटे लागतात, म्हणून पाच मिनिटांत जागा दाखवली नाही तर संच खराब समजू नये. अर्ध्या तासाने जागा मिळाली, पण ती आमच्या गच्चीची नव्हती. अर्धा किलोमीटरहून थोडी जास्तच बाजूला, दुसऱ्याच वस्तीत.

संध्याकाळ यातच गेली. अँटेना बदलून बघायच्या बेतात होतो, तेवढ्यात मेन्यूत डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात ते, दिसले: टोकियो. आधीच्या जहाजावर जपानी नकाशे वापरात असावेत. ते बदलून जीपीएसचे मूळचे डब्ल्यूजीएस-84 केले आणि जागा गच्चीवर आली. आमच्या वाटेवर अलिबागसमोर चौल काडूचा खडक आहे, तिथे अर्ध्या किलोमीटरची चूक म्हणजे होडी फुटणेच. जुन्या जहाजावरचा जीपीएस घेतलात तर सर्वांत आधी डेटम बघा. तुमच्या छापील नकाशावर कुठले डेटम लिहिले आहे तेही वाचा. डेहराडूनच्या हायड्रोग्राफिक कार्यालयाच्या नकाशांवर ते शीर्षकाखालच्या टिपांत असते.

बॅटरी लॅमिंग्टन रोडवरून आणली. ती डाग देऊन बसवलेली असते, त्यामुळे पत्र्याचे पाय असलेलीच मागा.

5 ऑक्टोबर

भाऊ नवरात्रात आला, पायलट सामानात. खरेदीची पावती सोबत ठेवायला सांगितली होती.

उघडला. अडखळण्याचे कारण लगेच दिसले: स्क्रूच्या दांड्यावरचे ग्रीस सुकून पिवळे, मेणासारखे घट्ट झालेले, आणि मोटरच्या दोन पिनांवर हिरवा गंज. पाणी थेट आत आलेले नाही. वर्षानुवर्षे दमट हवेत पडून हे होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातब्रशने पिना पितळेचा रंग दिसेपर्यंत घासल्या. जुने ग्रीस पूर्ण काढून सिलिकॉन ग्रीस लावले. पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगू शकते.

दातेरी पट्ट्याला भेगा. कंपनीच्या सुट्या भागाची वाट बघत बसलो नाही. दाते मोजले, दोन दातांतले अंतर आणि रुंदी कॅलिपरने घेतली आणि नागदेवीला बेल्टच्या दुकानात तो तुकडाच पुढे ठेवला. मिळाला. ओ-रिंगही तिथेच. बेल्ट, रिंगा, ग्रीस आणि जीपीएसची बॅटरी मिळून 1,150 रुपये.

12 ऑक्टोबर, दसरा

सगळी यंत्रे जेवणाच्या टेबलावर मांडून, हळदीकुंकू वाहून, एकत्र जोडली. जीपीएसने जागा बरोबर दाखवली, तारीख मात्र 26 फेब्रुवारी 2005.

हा बिघाड नाही. जीपीएसचा संदेश आठवडे 10 बिटांत मोजतो, म्हणजे 0 ते 1023, आणि मग पुन्हा शून्य. असे शून्यावर येणे 1999 च्या ऑगस्टमध्ये झाले, 2019 च्या एप्रिलमध्ये पुन्हा झाले, आणि पुढचे 2038 च्या नोव्हेंबरमध्ये आहे. जुना संच कुठल्या फेरीत आहोत हे ओळखत नाही आणि बरोबर 1024 आठवडे मागची तारीख दाखवतो. वार मात्र जुळतो. 26 फेब्रुवारी 2005 हा शनिवारच होता. जागा आणि वेग यांवर परिणाम होत नाही. पण हीच तारीख लॅपटॉपवरच्या नकाशात जाऊ दिली तर भरती-ओहोटीचे आकडे 2005 सालचे येतील. म्हणून ओपनसीपीएनमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या त्या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये, वेळ लॅपटॉपच्या घड्याळावरूनच घ्यायची.

जीपीएसकडून पायलटला माहिती जात नव्हती. अशी यंत्रे एकमेकांशी बोलतात ती एनएमईए 0183 पद्धत म्हणजे दोन वायरी आणि 4800 बॉडचा वेग, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. दोन वायरींची अदलाबदल करून पाहिली, तरी गप्प. लॅपटॉपवर ऐकले तर जागेची वाक्ये येत होती, पण ठरलेल्या मार्गापासून होडी किती बाजूला आहे हे सांगणारी एपीबी आणि एक्सटीई ही वाक्ये नव्हती. पायलटला नेमकी तीच हवी असतात. जीपीएसच्या आउटपुट मेन्यूत ऑटोपायलटचा पर्याय निवडला, मग कुठल्यातरी ठिकाणी "जा" असा हुकूम दिला. त्याशिवाय मार्गच नसतो, मग वाक्य कशाचे येणार? लगेच टेबलावरची दांडी हलली. आम्ही दोघे टेबलाभोवती उभे राहून ती दांडी बराच वेळ बघत होतो.

27 ऑक्टोबर

बसवण्याची मापे. रेमरीन कंपनीच्या या घराण्यातल्या टिलर पायलटांना सुकाण्याच्या आसापासून दांड्यावरच्या खुंटीपर्यंत 460 मिलिमीटर लागतात, आणि खुंटीपासून बाकावरच्या सॉकेटपर्यंत 589. दांडा मधोमध असताना पायलट त्याला काटकोनात आणि आडवा सपाट हवा. आमचा बाक दांड्यापेक्षा बराच खाली, म्हणून स्टीलचा उभा ब्रॅकेट करून घ्यावा लागला. खुंटी, सॉकेटसह 3,800. आधी प्लायवूडचा करून पाहिला ते बरे झाले, पहिल्या मापाने दांडा टोकाला नेताना गुडघा अडकत होता. भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्यात पुन्हा पाडली, म्हणजे पाणी फायबरच्या आतल्या लाकडात मुरत नाही. इपॉक्सी 1,400.

ट्रान्सड्यूसरसाठी तळाला भोक पाडले नाही. भरीव फायबर असेल तर आवाज त्यातून आरपार जातो, फक्त मध्ये हवा नको. आतून कुठे चिकटवायचा ते पाण्यात गेल्यावर ठरवू.

या सगळ्यात कोजागिरीचे उधाण, म्हणजे होडी पाण्यात लोटायला लागणारी मोठी भरती, हुकले. दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणाला माणसे सुट्टीवर. आता होडी पाण्यात जाणार ती कार्तिकी पौर्णिमेला. महिनाभर मोसम गेला.

23 नोव्हेंबर

होडी आठवड्यापूर्वी पाण्यात गेली. आज भांग, म्हणजे प्रवाह कमी, म्हणून चाचणीला आजचा दिवस निवडला. कोर्लईच्या टोकाबाहेर इंजिनवर गेलो, पायलट लावला. दोन-तीन मिनिटे सरळ, मग पडदा विझून पुन्हा पेटायचा आणि होडी वाट सोडायची.

बॅटरीवर 12.6 व्होल्ट. पायलटच्या प्लगवर, मोटर जोर लावत असताना, 10.3. वायर जुनी, 1 चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन 14 मीटर. पण एवढी घट नुसत्या वायरीने होत नाही. फ्यूज होल्डर उघडला तर स्प्रिंग काळी पडलेली आणि गरम. फ्यूज होल्डर, प्लगचे सॉकेट आणि पूर्ण वायर बदलायचे ठरले: 4 चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली. साधे तांबे दोन पावसाळ्यांत आतून काळे पडते. वायर, फ्यूज, कनेक्टर, सगळे मिळून 6,200. पायलट खराब म्हणून विकणाऱ्यांपैकी किती जणांनी हे माप घेतले असेल, कोण जाणे.

8 डिसेंबर

पुन्हा भांग. नवी वायर, प्लगवर जोरातही 12.2. पडदा विझत नाही.

पण उत्तरेकडे जाताना बरोबर चालणारा पायलट पश्चिमेला वळवला की दहा-पंधरा अंश चुकीचे दाखवायचा. एकाच बाजूला चूक येते म्हणजे जवळ लोखंड आहे. बाकाखालच्या कप्प्यात जादा नांगर आणि त्याची साखळी होती, पायलटच्या तोंडापासून हातभर अंतरावर, आणि होकायंत्र पायलटच्या आतच असते. दोन्ही उचलून पुढे नेले. मोबाइलचा चुंबकवाला स्टँडही काढला. मग पाणी थांबल्यावर संथ गोल घेऊन जीपीएसच्या दिशेशी ताडून पाहिले. आता फरक तीन-चार अंशांत. ही ताडणी प्रवाह असताना करू नका. जीपीएस होडी कुठे सरकते ते सांगतो, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, कुठे आहे ते नाही.

ट्रान्सड्यूसरचेही आजच उरकले. पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवून पिशवी तळाशी टेकवत जागा शोधली. इंजिनच्या पुढे, उजव्या बाजूला आकडा स्थिर आला. तिथला रंग खरवडून, इपॉक्सीत दाबून, फिरवून बुडबुडे काढून बसवला. पाण्याच्या पातळीपासून तो किती खाली आहे तेवढे मेन्यूत वाढवले.

19 जानेवारी 2025

पहाटेच्या मतलई वाऱ्यावर रेवदंड्याहून खांदेरीकडे. मार्गाचे पहिले ठिकाण चौल काडूच्या बरेच बाहेर दिले, दुसरे खांदेरीच्या दीपगृहापासून दूर, खोल पाण्यात. बेटावरच किंवा खडकावरच ठिकाण देऊ नका. पायलट तुम्हाला प्रामाणिकपणे तिथेच नेईल.

नुसत्या दिशेवर ठेवला तेव्हा नाळ सरळ होती पण ओहोटीने होडी बाजूला ओढली जात होती. मार्गावर ठेवला तेव्हा तो प्रवाह धरून तिरका चालला आणि रेघ सोडली नाही. ठिकाण आले की बीप वाजतो, पण बटण दाबेपर्यंत पुढच्या दिशेला वळत नाही. हे चांगलेच आहे, कारण वळण्याआधी माणूस मान वर करून बघतो. मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खांब आणि बोये कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत. एकजण कायम पुढे नजर ठेवून हवाच.

दुपारी खारा वारा वाढला तशी होडी वाऱ्याकडे ओढू लागली आणि पायलटची मोटर एकसारखी कण्हत राहिली. संवेदनशीलता वाढवून उपयोग झाला नाही. मोठ्या शिडाचा एक पट घेतला, म्हणजे शीड थोडे लहान केले, आणि पायलट शांत झाला. ज्या होडीचा दांडा हातात धरतानाही ओढ लागते तिथे पायलटलाही ओढ लागते; आधी शिडे नीट करायची, मग बटणे. सरासरी 0.8 अँपिअर वीज गेली.

एकूण खर्च 49,350 रुपये, त्यात बुडीत 3,500 धरलेले. पायलटचे रुपयांत 19,800 पडले.

राहिलेली कामे: पायलटला कापडी टोपी, जादा बेल्ट आणि ओ-रिंगांचा एक संच होडीवर, स्टँडबायच्या बटणाचे रबर पातळ झाले आहे ते बदलणे. मेअखेरीस पायलट आणि जीपीएस काढून घरी, सिलिका जेलसह घट्ट डब्यात. प्लगमध्ये ग्रीस भरून तोंडावर रबरी टोपी.